फोन हिसकावण्याआधी: सीमाभागातल्या आईबाबांसाठी पायरीपायरीची वाट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत आज एक तक्रार हमखास ऐकू येते: "पोरगं फोनातनं वर मान काढत नाही." त्यावरचा इलाजही ठरलेला असतो. फोन काढून घ्यायचा, रिचार्ज थांबवायचा, चार शब्द सुनवायचे. दोन दिवस घर शांत राहतं. तिसऱ्या दिवशी आज्जीचा फोन किंवा मित्राचा हॉटस्पॉट हाताशी येतो, आणि एव्हाना मुलगा घरच्यांशी खोटं बोलायलाही शिकलेला असतो.

तरुण मुलांच्या इंटरनेटच्या अतिवापराचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे, आणि त्यात एक गोष्ट वारंवार पुढे येते. आईबापांशी मोकळं बोलणं आहे, घरात आपल्याला कुणी समजून घेतं असं वाटतं, अशा घरातली मुलं कमी अडकतात. सततची भांडणं, मारझोड, टोमणे किंवा नुसतं दुर्लक्ष असेल तिथं जास्त अडकतात. हे चक्र दोन्ही बाजूंनी फिरतं. घरातल्या ताणामुळे मूल फोनकडे वळतं, फोनमुळे घरात ताण वाढतो, आणि तो वाढला की मूल आणखी फोनकडे जातं. फोन बंद केल्यानं हे चक्र क्वचितच तुटतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत नियम आणि सेटिंग बरेच उशिरा येतात. हा क्रम मुद्दाम ठेवला आहे, तो बदलू नका.

पहिली पायरी: खरंच बिघडलंय का, ते ठरवा

नुसत्या तासांवरून काही ठरत नाही. पीयूसीचा (अकरावी-बारावीचा) मुलगा यूट्यूबवर गणिताचे व्हिडिओ बघत तीन तास बसला आणि दुसरा तीन तास रील्स सरकवत बसला, तर दोघांचे तास सारखेच, पण गोष्ट वेगळी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घेतला आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्याच्या तीन खुणा आहेत: खेळण्यावर ताबा उरत नाही, खेळ बाकी सगळ्याच्या पुढे जातो, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. त्यामुळे शिक्षण, नाती, रोजचं जगणं चांगलंच कोलमडलेलं असावं लागतं, आणि हे साधारण वर्षभर चालू असावं लागतं. रील्स किंवा चॅटिंगचा असा वेगळा आजार या वर्गीकरणात नाही. तेव्हा मुलाला "तू व्यसनी झालास" म्हणून मोकळं होऊ नका. फोन जास्त वापरणारी बहुतेक मुलं आजारी नसतात.

घरात बघायच्या खुणा साध्या आहेत. झोप मोडते का? (१३ ते १८ वयाला रात्रीची ८ ते १० तास झोप लागते.) पूर्वी आवडायचं ते सुटलं का? मित्रांकडे जाणं बंद झालं का? शाळा-कॉलेज बुडतं का? पैसे गायब होतात का? यातलं काहीच नसेल, तर तुमचा त्रास बहुधा तुमच्या अपेक्षेचा आहे. तोही खरा असतो, पण त्याला इलाज वेगळा.

दुसरी पायरी: एक वही घ्या आणि आठवडाभर नुसतं बघा

या आठवड्यात बोलायचं नाही, बदलायचं नाही, फक्त टिपायचं. फोन हातात घेण्याआधी घरात काय घडलं, ही यातली कामाची नोंद. एखादं पान साधारण असं दिसेल:

"सोमवार, संध्या. ६.३०. क्लासहून आली. आत्या आली होती, मार्कांचा विषय निघाला. खोलीत गेली. रील्स. जेवायला तीनदा हाक मारली.
मंगळवार, रात्री ९. बाबांचा आणि काकांचा जमिनीवरून आवाज चढला. दोघंही भावंडं हेडफोन लावून बसली.
बुधवार. शेतात गेलो होतो, फोन घरीच राहिला. कुणी मागितला नाही."

असं सात दिवस टिपलं की आकृती दिसायला लागते. बुधवारची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ज्या दिवशी फोनची आठवण झाली नाही, त्या दिवशी घरात काय वेगळं होतं, ते शोधा.

वहीत स्वतःच्या नोंदीही ठेवा. आईबाबा जेवताना कितीदा फोन बघतात, मूल बोलत असताना किती वेळा "हं, हं" म्हणत स्क्रीनकडे नजर असते, हे लिहायला जड जातं. तरी लिहाच. पालक समोर असूनही फोनमध्ये असतील तर मुलांचा फोनही वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आहे, आणि कुठल्याही घरात डोळे उघडे ठेवले तर तेच दिसतं.

तिसरी पायरी: आपल्या घरातला ताण कोणता, तो नावानिशी ओळखा

ही पायरी घाईत उरकू नका. बेळगाव जिल्ह्यात आणि आसपासच्या मराठी घरांत काही ताण असे आहेत, की पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ते सापडत नाहीत.

एक म्हणजे दहावीनंतरची उडी. मूल गावातल्या मराठी शाळेत शिकतं, एसएसएलसीला बरे मार्क घेतं आणि पीयूसीला शहरातल्या कॉलेजात जातं. तिथं शिकवणं इंग्रजीत, वर्गातल्या गप्पा कन्नडमध्ये, नोटीसही कन्नडमध्ये. गावात वर्गात पहिला-दुसरा येणारा मुलगा इथं मागच्या बाकावर गप्प बसतो. बसनं घरी परततो तेव्हा त्याला दिवसभरात एकदाही आपण हुशार वाटलेलो नसतो. गेममध्ये मात्र त्याची रँक असते, टीम असते, त्याचं नाव घेऊन हाक मारणारी माणसं असतात. अशा मुलाचा फोन काढून घेतला तर त्याच्याकडे उरलेली एकुलती मानाची जागा आपण काढून घेतो. घरच्यांनी आधी विचारायचं ते कॉलेजबद्दल: वर्गात कुणाशी बोलतोस? कुठला विषय डोक्यावरून जातोय? फिजिक्सची शिकवणी लावल्यानं फोन कमी झाला, असं घडू शकतं.

दुसरा ताण बाहेरगावच्या कामाचा. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांतले बाप, कधी आईबाप दोघंही, कामासाठी गोव्यात असतात. कुणी पुण्यात, कुणी कोल्हापूरच्या कारखान्यांत. मुलं आज्जी-आजोबांकडे. आज्जी जेवू घालते, माया करते, पण इन्स्टाग्राम तिच्या आवाक्यातलं नाही. आणि बापाचं नातं तर त्या फोनमधूनच चालतं. रोज रात्री कॉल येतो, पहिला प्रश्न "अभ्यास झाला काय?", दुसरा "आज्जीला त्रास देत नाहीस ना?", आणि कॉल संपतो. मुलाला तो हजेरीसारखा वाटायला लागतो आणि तो उचलायचं टाळतो. बाहेर असलेल्या बाबांनी आठवड्यातले निदान तीन कॉल असे करावेत, की ज्यात अभ्यास आणि तक्रार यांतलं काहीच नसेल. विहिरीला पाणी किती आलं, म्हैस व्यायली काय, काल मॅचमध्ये कोण चांगलं खेळलं, आणि स्वतःच्या दिवसातलं एखादं खरं: "आज मुकादमाशी जरा वाजलं रे, मन लागत नव्हतं." बापाला कधीतरी कठीण जातं, हे मुलाला कळलं की तोही आपलं कठीण सांगतो. आज्जीनं दिवसभरच्या कागाळ्या त्याच कॉलवर सांगायच्या नाहीत. त्यासाठी वेगळा कॉल ठेवा.

तिसरा ताण फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक मराठी घरांत घरातलं सगळं सरकारी काम मूलच करतं, कारण कन्नड वाचता येतं त्याला आणि फोन कळतो त्याला. शेताचा उतारा, हेस्कॉमचं विजेचं बिल, सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरचा बसपासचा अर्ज, शाळेच्या ग्रुपवर आलेली कन्नड सूचना. गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये जमा झाले काय, हे बघायलाही आई फोन त्याच्याच हातात देते. पासवर्ड त्यालाच ठाऊक, यूपीआयचा पिनही त्यालाच. फोनच्या बाबतीत तो घरातला कर्ता झालेला असतो आणि त्याच फोनपायी त्याला बोलणीही खावी लागतात. शाळेच्या ग्रुपवरची सूचना आईबाबांना काय सांगायची, हेही मग तोच ठरवतो.

इथला उपाय नातं आणि शिस्त दोन्ही सांभाळतो: मुलाकडून शिका. "मला बिल भरायला शिकव की" म्हणून त्याच्या शेजारी बसा. दोन-तीन कामं स्वतः करता येतील इतकं शिका, पिन बदलून स्वतःकडे ठेवा, कन्नड सूचना भाषांतर ॲपमध्ये टाकून वाचायला शिका. शिकवताना मुलाला मान मिळतो, तुम्हाला त्याच्या शेजारी विनाभांडण अर्धा तास मिळतो, आणि घराचा कारभार पुन्हा मोठ्यांच्या हातात येतो. माझ्या मते या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा.

याशिवाय सगळीकडचे ताण आहेतच: नवरा-बायकोतली धुसफूस, दारू, वाटणीचे वाद, आणि "शेजारच्या पोराला बघ, आर्मीत लागला" ही तुलना. मुलींच्या बाबतीत आणखी एक. भाऊ संध्याकाळी मैदानावर किंवा चौकात जातो, तिला मात्र बाहेर पडू दिलं जात नाही. तिच्यासाठी फोन हीच बाहेर जायची वाट असते. ती बंद करायची असेल, तर दुसरी कुठली वाट उघडणार, ते आधी ठरवा.

चौथी पायरी: मोठ्यांनी आधी आपसात बोलावं

आई नाही म्हणते, बाबा गुपचूप रिचार्ज मारतात, आजोबा "असू दे, पोर आहे" म्हणून स्वतःचा फोन देतात. अशा घरात कोणताच नियम टिकत नाही, आणि मूल मोठ्यांना एकमेकांविरुद्ध वापरायला शिकतं. मुलं झोपल्यावर मोठ्यांनी बसावं आणि सगळ्यांना झेपेल अशा एक-दोन गोष्टींवरच एकमत करावं. आजोबांना वगळू नका. त्यांना हुकूम सोडण्यापेक्षा "तुमचं तो ऐकतो, तुम्हीच सांभाळा" म्हटलेलं जास्त चालतं.

याच बैठकीत मोठ्यांनी स्वतःसाठीही एक नियम घ्यावा. ताटावर बसल्यावर कुणाचाच फोन जवळ नको, बाबांचाही नको. दहा-बारा दिवस मोठ्यांनी तो पाळावा आणि मगच मुलांशी बोलावं.

पाचवी पायरी: बोलणं

या विषयावरचा एक निष्कर्ष पालकांना चकवतो. फोनच्या वापराबद्दल वारंवार बोललं म्हणून मुलं सुधारत नाहीत, उलट कटकट वाढते. उपयोग होतो तो बोलणं कसं आहे याचा: मुलाला त्यात आपलं ऐकलं गेलं, असं वाटलं काय? म्हणून थोडं बोला, पण नीट बोला.

वेळ निवडताना तीन गोष्टी टाळा: फोन हातात असताना, पाहुण्यांसमोर, आणि तुम्ही रागात असताना. भाजी निवडताना, गाडीवर शेताकडे जाताना, गोठ्यात काम करताना मुलं जास्त बोलतात, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. सुरुवात जे दिसतं त्यापासून करा:

"गेले काही दिवस रात्री जागायलास. सकाळी डोळे लाल असतात तुझे. मला काळजी वाटायलीय. काय चाललंय, सांगशील काय?"

उत्तर बहुधा "काही नाही गं" असंच येईल. तिथं उलटतपासणी सुरू करू नका. "बरं. सांगावंसं वाटलं की सांग, मी आहे" म्हणून काम चालू ठेवा. एक-दोन दिवसांनी मूल आपणहून एखादं वाक्य टाकतं: "कॉलेजात बोअर होतं." हेच दार असतं. यावर "आमच्या वेळी…" सुरू केलंत की ते बंद होतं. "म्हणजे कसं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं हे या पायरीतलं सगळ्यात अवघड काम आहे.

आणखी एक करून बघा. तो खेळतो तो खेळ त्याच्या शेजारी बसून बघा, नियम विचारा. तुम्हाला दोन गोष्टी कळतील: त्यात त्याला काय मिळतं, आणि डाव मध्ये का सोडता येत नाही. बीजीएमआय या मोबाइल गेमचा मोठा डाव साधारण अर्ध्या तासाचा असतो, फ्री फायर मॅक्सचा त्याहून लहान. मध्येच उठलं की टीमचे मित्र तोंडावर पडतात. "आत्ताच्या आत्ता ठेव" यावरून होणारी निम्मी भांडणं "हा डाव संपला की जेवायला ये" एवढ्यानं मिटतात.

सहावी पायरी: आता नियम, तेही थोडे

नियम मुलाला घेऊन बनवा. त्याला आधी विचारा: "तुला किती बरोबर वाटतं?" त्याचा आकडा ऐकून हसू नका, तिथून बोलत बोलत मध्यावर या. पटलेला नियम मूल पाळायचा निदान प्रयत्न तरी करतं. लादलेला चुकवायला शिकतं.

एकच नियम करायचा असेल, तर रात्रीचा करा. ठरल्या वेळेला घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला, स्वयंपाकघरात किंवा देवळीत, कुणाच्याही उशाशी नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा, कारण "अलार्म लावायचाय" ही पहिली सबब असते. झोप सुधारली की चिडचिड उतरते आणि बाकीचं बोलणं सोपं जातं.

सेटिंगचं थोडक्यात. अँड्रॉइडमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दिसतं. तो आकडा मुलासोबत बसून बघा, पाठीमागून नको. लहान मुलांसाठी गूगलच्या फॅमिली लिंक ॲपनं वेळ बांधता येतो. १६-१७ च्या मुलावर चोरून पाळत ठेवलीत तर ती एक दिवस उघडी पडते, आणि उरलासुरला विश्वास जातो.

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही वेगळी गोष्ट आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं देशभर त्यांवर बंदी आहे. मूल त्यात पैसे हरलं असेल, तर मारू नका. मारलंत तर पुढच्या वेळी तो घरी सांगण्याऐवजी कर्जाच्या ॲपकडे जाईल. पैसे फसवून नेले असतील, तर लगेच १९३० वर तक्रार करा, जितकं लवकर तितकं बरं. कुणी फोटोवरून धमकावत असेल, तरीही हाच नंबर. मुलाला एवढंच सांगा: "तू सांगितलंस ते बरं केलंस."

सातवी पायरी: रिकामी झालेली जागा भरा

फोनमधून काय मिळत होतं, ते वहीतून आणि बोलण्यातून आता कळलं असेल. तेच दुसरीकडून मिळायला हवं. मित्र हवे असतील, तर तालीम, कबड्डीचा संघ, गणेशोत्सवाचं मंडळ, शिवजयंतीच्या चित्ररथाची तयारी. या गोष्टी आपल्याकडे जिवंत आहेत आणि वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकत्र आणतात. भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या पोरांचे गट गावोगावी आहेत. त्यांच्यात गेलेला मुलगा रात्री लवकर आपोआप झोपतो. एकांत हवा असेल, तर बेळगावातल्या, १८४८ पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयात नाव घाला. कौशल्याचा मान हवा असेल, तर घरचं खरं काम सोपवा: भात लावणीचा हिशेब, दुकानाचा स्टॉक, मागावरची एखादी जबाबदारी. ते शिक्षा म्हणून देऊ नका आणि त्यात दर पाच मिनिटांनी डोकावू नका.

मुलीला कुठं पाठवणार, याचं उत्तर घरच्यांनीच द्यायचं आहे. मैत्रिणींसोबत वाचनालय, बॅडमिंटन, सायकल, काहीही चालेल. तिच्यासाठीही संध्याकाळ मोकळी असायला हवी.

आठवी पायरी: पुन्हा घसरलं तर

घसरणारच. परीक्षा संपल्यावर, घरात भांडण झाल्यावर, सुट्टीत. तेव्हा सगळे नियम नव्यानं कडक करू नका, वही पुन्हा काढा आणि त्या आठवड्यात काय झालं ते बघा. फोन हिसकावून घेणं, आपटणं, चारचौघांत अपमान करणं हे कधीही करू नका. त्या क्षणी रागाच्या भरात मुलं जिवाचं बरंवाईट करून घेऊ शकतात. मूल अंगावर आलं, तर बाजूला व्हा, शांत होऊ द्या, बोलणं दुसऱ्या दिवशी.

नववी पायरी: बाहेरची मदत

कॉलेज सुटलंय, दिवसरात्र उलटी झालीय, सतत उदास आहे किंवा घाबरलेला असतो, घरी मारहाण करतो, असं असेल तर वाट बघू नका. फोनच्या मागे अनेकदा नैराश्य, भीतीचा आजार, एकाग्रतेची अडचण किंवा कॉलेजमधला छळ असतो. मूळ दुखण्यावर उपचार झाले की फोनही कमी होतो. मरणाबद्दल बोलला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि त्याला एकटं सोडू नका.

टेली मानस ही सरकारी मोफत सेवा आहे: १४४१६, कोणत्याही वेळी, आणि मराठीतही बोलता येतं. १८ वर्षांखालच्या मुलाला घरात किंवा बाहेर त्रास होत असेल, तर १०९८. बेळगावच्या सरकारी जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आजारांसाठीचीच सरकारी संस्था बसनं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. बेंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं वेगळं क्लिनिक चालतं.

जाताना मुलाला "तुला दाखवायला नेतोय" म्हणू नका. "आपल्या घरात सगळ्यांचंच बिनसलंय, आपण सगळे मिळून जाऊ" म्हणा, आणि खरंच सगळे जा. बाबा गोव्यात असतील, तर एक दिवसाची सुट्टी काढून त्यांनी यावं. वही सोबत न्या. डॉक्टरांना ती तुमच्या आठवणीपेक्षा जास्त कामाची. समजुतीनं बोलता यावं म्हणून मराठी बोलणारे कुणी आहेत काय, हे आधीच विचारून घ्या. मुलाला कन्नड येतं म्हणून त्याच्याच आजाराबद्दलचं बोलणं त्याच्याकडून भाषांतर करून घेऊ नका.